आजोबांची दुनळी, ३१५ आणि वडिलांची .२२ : दोनच बंदुका ठेवायच्या तर कुठल्या?

माळरान_उत्तरसोलापूर

नमस्कार मंडळी. नान्नजच्या पलीकडे आमचं गाव. तीन एकर द्राक्षबाग, बाकी ज्वारी आणि मका.

वडील २०२१ मध्ये गेले. त्यांच्या परवान्यावर एक .२२ रायफल होती, ब्रनोची. ते सोलापुरात एका रायफल क्लबात सरावाला जायचे. ती तेव्हापासून बंदुकांच्या डीलरकडे जमा आहे. गेल्या दिवाळीनंतर आजोबाही गेले. त्यांच्या परवान्यावर दोन हत्यारं होती. एक बारा बोअरची घोडेवाली दुनळी, बर्मिंगहॅमची. दुसरी इशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची (म्हणजे .३१५ इंची) रायफल, त्यांनी १९६८ साली उसाच्या पैशातून घेतलेली. तीही आता डीलरकडे आहेत. वारस मी एकटाच. बहिणीनं ना हरकत लिहून दिली आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, हे मला कळलं आहे. म्हणजे एक सोडावी लागणार. कुठली?

परदेशातल्या शिकारी लोकांच्या याद्या वाचल्या. सशाला .२२, हरणाला .२४३ किंवा .२७०, त्याहून मोठ्याला थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६), रेड्यासारख्या जनावराला .३७५ मॅग्नम आणि पाखरांसाठी बारा बोअर. एवढं असलं की संच पुरा झाला म्हणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझंही मत आहे. बागेच्या बांधावरून काळविटांचा कळप जातो तेव्हा मुलीला खांद्यावर घेऊन दाखवतो मी. पण रानडुकरं मका लोळवतात, त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. शिवाय ३१५ विकून थर्टी-ओ-सिक्स घ्यावी का, असंही एक मित्र म्हणतोय.

३१५ वर जीव आहे. खंडेनवमीला आजोबा तिला स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

जुना_मिस्त्री

बाळा, मी चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. सोलापुरात, पंढरपुरात आणि मधली काही वर्षं पुण्यात. आता डोळे साथ देत नाहीत, पण हाताला अजून कळतं. सविस्तर लिहितो.

त्या परदेशी यादीत चूक काही नाही. तिकडे रानात उतरताना जनावर ठरलेलं असतं, म्हणून प्रत्येक जनावराला वेगळी गोळी. मुळात त्यातल्या मधल्या एकमेकींच्या बहिणी आहेत. १९०६ ची थर्टी-ओ-सिक्स घेतली, तिच्या केसचं, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळकांड्याचं, तोंड आवळलं, १९२५ मध्ये .२७० झाली. .३०८ चं तोंड आवळून १९५५ मध्ये .२४३ आली. पायऱ्या दिसतात पाच, पण मधल्या दोन-तीन एकमेकींचंच काम करतात. ज्याला पाचही परवडतात त्यानं घ्याव्यात. तुला दोन ठेवायच्या आहेत, म्हणून तू आधी बंदूक मोजू नकोस, काम मोज.

तुझ्या आजोबांची दुनळी एकटीच तीन बंदुकांचं काम करते. बोअर म्हणजे काय ते बघ. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. आतून साधारण १८.५ मिलिमीटर. एवढ्या रुंद नळीत काडतूस बदललं की बंदूक बदलते. सहा नंबरचा बारीक छर्रा घातला की ती पाखरांची. एसजी घातलं तर एका औंसात आठ मोठे दाणे, एलजी घातलं तर सहाच, पण वाटाण्याहून मोठे. रानडुकराला, परवानगी हातात असेल तर, तीस-पस्तीस पावलांवर एलजीच. त्यापुढे दाणे पांगतात, जनावर जखमी होऊन उसात शिरतं आणि मग माणसाच्या अंगावर येतं. म्हणून दुनळी सोडायची नाही. हे माझ्या लेखी ठरलं.

आता महत्त्वाचं. ती घोडेवाली आणि बर्मिंगहॅमची म्हणतोस, म्हणजे जुनी आहे. डीलरकडे जा आणि त्याच्यासमोर नळ्या कुंद्यापासून सोडवायला सांग. नळ्या उलट्या धर. पाठीमागच्या सपाट भागावर बारीक शिक्के असतात. भिंग लागेल. चौकटीत १२ आणि त्याखाली सी दिसेल, ती बारा बोअरची खूण. मुकुट आणि त्याखाली एनपी दिसलं तर नायट्रो पावडरची, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूची, चाचणी झालेली आहे. १९५४ नंतरची असेल तर मुकुटाखाली बीएनपी लिहिलेलं असतं. नळीवर गालिच्यासारखी नक्षी दिसली, तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली असते. दमास्कस असो की नायट्रोचा शिक्का नसलेली, ती पूजेत ठेव, आजचं काडतूस तिच्यात घालू नकोस.

नायट्रो असली तरी काम संपत नाही. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोज. जुन्या इंग्लिश नळ्यांचं चेंबर बहुतेक अडीच इंचाचं असतं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज मिळणारी बरीच काडतुसं पावणेतीन इंचाची, ७० मिलिमीटरची. लोक इथेच फसतात. न फोडलेलं काडतूस तोंडाची घडी घातल्यामुळे आखूड असतं, सहज आत जातं, बंदूक मिटते, सगळं ठीक वाटतं. पण बार उडाला की घडी उलगडते आणि तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात जाऊन अडकतं. छर्ऱ्याला वाट कमी पडते, आतला दाब भलताच वाढतो. माझ्याकडे अशी एक दुनळी आली होती. उजव्या नळीला चेंबरच्या पुढे बोटभर जागी फुगवटा होता. बाहेरून डोळ्याला दिसत नव्हता. नळी उजेडाकडे धरली की आत एक काळं कडं दिसायचं. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "मिस्त्री, वीस बार झाले की हिच्यातून." एकविसावा झाला नाही, एवढंच त्याचं नशीब.

आता रायफलचं. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅम. जड आणि संथ, शंभर मीटरपर्यंत भरवशाची. गोऱ्या सरकारनं लष्कराची ३०३ लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून वेगळी ठेवली, तेव्हा ही गोळी सामान्य माणसाच्या वाट्याला आली. यंत्रणा मात्र ली-एन्फिल्डचीच, मजबूत. थर्टी-ओ-सिक्स तिच्याहून सपाट आणि लांब जाते, पण ते लांब जाणं तुला कुठे हवंय? तुमचा माळ मी पाहिला आहे. एकीकडे मेंढपाळ, दुसरीकडे वस्त्या, मधे टेकडी नाही की बांध नाही. गोळी थांबवायला मागे माती लागते. तिकडे ती नाही.

माझं मत, दुनळी आणि .२२. तुझ्या वडिलांची .२२ तू महिन्यातून दोनदा चालवशील. ३१५ वर्षातून एकदा पुसशील. जी चालते तीच माणसाच्या हातात तयार राहते.

मोहोळचा_शेतकरी

मिस्त्रीकाका म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे डुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता, त्या वेळी मी बंदूक असूनही हात लावला नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करतंय म्हणून मारायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. कुठलं क्षेत्र, किती दिवस, कुणाच्या हातून, सगळं त्यात लिहून येतं. ती नसताना बार काढला तर डुक्कर राहिलं बाजूला, आपणच आत. आधी पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा. मला भरपाई उशिरा मिळाली, पण मिळाली.

आणि दादा, .२२ नं डुकराला कधी मारायचं नाही. ते मरत नाही, फक्त तडफडतं. मी एकदा दुसऱ्यानं जखमी केलेलं बघितलंय, अजून डोळ्यासमोरून जात नाही.

दहा_पॉइंट_नऊ

दादा, मी स्पर्धांमध्ये .२२ खेळते. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

पहिली. दोनची मर्यादा आर्म्स ॲक्टच्या कलम ३ मध्ये आहे. त्याच कलमात पुढे सूट आहे. केंद्र सरकारनं परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा संघटनेचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी .२२ किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ती मर्यादा लागू नाही. परवाना लागतोच, फक्त संख्येत धरत नाहीत. तुमचे वडील ज्या क्लबात जायचे तिथे आधी विचारा, मान्यता चालू आहे का आणि तुम्हाला सदस्यत्व मिळेल का. कागद लेखी घ्या. तसं झालं तर तुम्हाला कदाचित काहीच सोडावं लागणार नाही.

दुसरी, आणि ही तुमच्या गावासाठी फार महत्त्वाची. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. वारस म्हणून केलेला तुमचा अर्जही नव्या परवान्याचाच आहे. गाव त्या दहा किलोमीटरमध्ये येत असेल तर अर्ज करतानाच हे लिहा. माझ्या ओळखीतल्या एकांनी लिहिलं नव्हतं. त्यांची फाइल एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर जात राहिली, सहा महिन्यांनी कळलं की संमतीच मागितलेली नाही.

तुम्ही ग्रामीणचे, म्हणजे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. शहरातल्या लोकांचा पोलीस आयुक्तांकडे जातो, ते मिसळू नका. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडा. आणि मिस्त्रीकाकांना नमस्कार. चेंबरचं एवढं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

जुना_मिस्त्री

ताई, कलम ३ मधली सूट मला माहीत नव्हती. तसं होत असेल तर माझं मत बदलतो. .२२ क्लबासाठी, दुनळी आणि ३१५ परवान्यावर. बाळा, ३१५ मग ठेव. पण ती माळावर चालवायची नाही, मागे मातीचा उंच बांध असलेल्या रेंजवरच. बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा, आजोबांच्याच रायफलचा आहे ना, नंबर जुळतो ना, ते बघ. ली-एन्फिल्डमध्ये बोल्ट अदलाबदल झाला की काडतुसाच्या मागे फट राहते, पितळी केस फाटते आणि गरम वायू डोळ्याकडे येतो.

थर्टी-ओ-सिक्सचा विचार सोडून दे. नवीन घेताना दुकानदार गोड बोलेल.

सोलापूरच्या उन्हात गंजाची भीती कमी, लाकडाची जास्त. कुंदा वाळून आकसतो, स्क्रू सैल होतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा हात बोटानं फिरव, चिंधीनं नाही. बोटाच्या ऊबेनं ते आत जातं.

माळरान_उत्तरसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डीलरकडे जाऊन आलो. त्यांनी समोर बसून दुनळीच्या नळ्या सोडवून दिल्या. भिंगातून पाहिलं. चौकटीत १२, खाली सी. मुकुट आणि एनपी आहे. नक्षी नाही, साधं पोलाद. शेजारी २½ कोरलेलं आहे, आजोबा बोट ठेवायचे तिथे घासून गुळगुळीत झालं आहे, पण वाचता येतं.

आजोबांच्या जमा काडतुसांत खडकीच्या शक्तिमानची दोन खोकी होती. एकावर ६५, दुसऱ्यावर ७०. ७० चं अर्धं रिकामं होतं. डीलर म्हणाले, आजोबांनी हे शेवटच्या वर्षांत घेतलं, जुनं मिळत नव्हतं म्हणून. नळ्या उजेडाकडे धरून दोघांनी पाहिल्या. डावी स्वच्छ आहे. उजवीत चेंबरच्या पुढे मला एक पुसटसं कडं दिसलं, त्यांना दिसलं नाही. मिस्त्रीकाका, पुढच्या सोमवारी मी डीलरच्या दुकानात असेन. तुम्हाला तिथवर येणं जमेल का? डोळे मी होईन, हात तुमचा लागेल.

३१५ चा बोल्ट आणि बॉडी, दोन्हींचा नंबर एकच आहे. गावाचं अंतर मोजायला वनखात्याच्या कार्यालयात नकाशा मागितला आहे. क्लबाचा फॉर्म आणला, त्यात 'पूर्वी कुटुंबातलं कुणी सदस्य होतं का' असा रकाना आहे. वडिलांचं नाव लिहिलं.