एमजीबी जीटी घ्यावी का? बजेट ७,५०० पौंड (डिडकॉट, इंग्लंड) – सल्ला हवा

पानेवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी डिडकॉटला राहते. शेजारच्या ॲबिंग्डनमध्ये १९८० पर्यंत एमजीचा कारखाना होता, त्यामुळे इकडे रविवारी या जुन्या स्पोर्ट्स गाड्या खूप दिसतात. बघून बघून आता मलाच एक हवी झाली आहे. उघड्या टपाची नको, बंद छपराची जीटीच हवी, कारण इथला पाऊस. बजेट विमा, दुरुस्ती सगळं धरून ७,५०० पौंड. त्यावर एक पेनी नाही.

दोन गाड्या पाहून आले:
पहिली १९७२ ची, क्रोम बंपर, गडद हिरवी. वीसेक वर्षांपूर्वी "पूर्ण रिस्टोअर" केलेली. ८,९०० सांगतो, ८,२०० ला देईल. दिसायला अगदी नवरी.
दुसरी १९७८ ची, काळे रबर बंपर. ४,३००. चालते, पण दाराखालच्या सिलवर रंगाला फुगे आलेत.

एप्रिलमध्ये बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येताहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना घेऊन एकदा स्कॉटलंडपर्यंत जायचंय. गॅरेज नाही, नुसती शेड आहे. कोणती घेऊ?

निवांत_नाना
एमजी उत्तमच गाडी. डोळे मिटून घ्या. आमच्याकडे २०२० पासून हेक्टर आहे. पुणे–गोवा सहा वेळा झालं, एक रुपयाचा खर्च नाही. सनरूफ अवश्य घ्या, नातवंडं खूश असतात.

रेडिंगचा_रामू
नाना, नाव तेवढं एक. ती गाडी वेगळी, ही वेगळी.

दादा, माझ्याकडे १९७० ची जीटी आहे, नऊ वर्षं झाली. माझं ऐका, रंगाकडे बघूच नका. एमजीबीला वेगळी चासी नसते, गाडीचा सगळा भार सिलवर. सिल म्हणजे नुसती बाहेर दिसणारी पट्टी नव्हे. आत आणखी एक पत्रा असतो आणि खाली चौकोनी नळीसारखा भाग. बाहेरचा पत्रा नवा लावून आतला सडका तसाच ठेवणारे महाभाग खूप आहेत. मला असाच एक भेटला. घेतली तेव्हा आरशासारखी चमकत होती, दुसऱ्या वर्षी जॅक लावला तर जॅक वर गेला आणि गाडी तिथेच. दोन्ही बाजूंचे मिळून २,६०० पौंड गेले.

फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घेऊन जा. सिलवर आणि मागच्या चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग गाडी जॅकवर घेऊन दार उघडून लावून बघा. नीट लागलं नाही तर मालकाला नमस्कार करून घरी या.

खवट_खारीक
मूळ प्रश्नच चुकलाय. ग्रँड टूरर म्हणजे दोन माणसं, सामान, मोठं इंजिन आणि दिवसाला पाचशे मैल न दमता. चार सिलिंडरच्या एमजीबीला जीटी म्हणणं म्हणजे वडापावला फाइव्ह कोर्स डिनर म्हणण्यासारखं आहे. घ्यायचीच तर जग्वार ई-टाइप २+२ घ्या. जरा ताणा बजेट.

केतकी_बर्मिंगहॅम
खारीक, "जरा ताणा" म्हणजे किती? घर विकून?

जीटीचं छप्पर पिनिनफारिनाच्या मदतीने झालं आणि गाडी १९६५ मध्ये आली. मागचं दार उघडतं, सामान मावतं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर) असेल तर मोटरवेवर सत्तर मैलांनी आरामात जाते. ज्यांना ॲस्टन मार्टिन परवडत नाही त्यांचा ग्रँड टूरर तो हाच. मोठंच इंजिन हवं तर १९७३ ते ७६ मध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ घातलेली जीटीही निघाली, पण ती ताईंच्या बजेटात बसणार नाही.

(दादा नाही हो, ताई आहेत. आयडी तर वाचा!)

रेडिंगचा_रामू
अरेच्चा. सॉरी ताई.

एम४_वाटसरू
रबर बंपर अजिबात नको. अमेरिकेच्या नियमांपायी ती गाडी बिघडवली. १९७४ च्या शेवटी काळे बंपर आले, हेडलाइट ठराविक उंचीवर हवेत म्हणून गाडीच उचलली, आणि वळणावर डुलायला लागली. शिवाय त्यांना रोड टॅक्स पडतो, एमओटीही (गाडीची वार्षिक तपासणी) लागते. मिस्टरांनाही एकदा विचारून घ्या, इंजिनाच्या बाबतीत.

पानेवाली
मिस्टर सायकलची चेनसुद्धा माझ्याकडून बसवून घेतात. पुढे बोला.

केतकी_बर्मिंगहॅम
वाटसरू, टॅक्सचं चुकतंय तुमचं. चाळीस वर्षांची अट दर वर्षी पुढे सरकते. १९८० ची शेवटची एमजीबीसुद्धा आता त्यात बसते. टॅक्स शून्य, एमओटीची सक्ती नाही, लंडनच्या यूलेझलाही (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क) सूट. पण हे आपोआप होत नाही, गाडीची नोंद ऐतिहासिक वर्गात करून घ्यावी लागते. आणि शून्य टॅक्स असला तरी दर वर्षी तो "भरावा" लागतोच! मी विसरले होते, घरी पत्र आलं.

एमओटी सक्तीची नसली तरी मी करून घेते. कोणीतरी परका माणूस वर्षातून एकदा गाडीखाली डोकावलेला बरा.

आणि सगळ्या रबर बंपर सारख्या नाहीत. १९७७ च्या मॉडेलपासून मागेही अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आला, त्यामुळे ताईंची ७८ ची १९७५ च्या गाडीपेक्षा बरी वळेल.

शांत_कोकणी
मी असतो तर माझ्दाची मियाटा घेतली असती. सुटे भाग मिळतात, गळत नाही, सुरू होते.

एम४_वाटसरू
पॉझिटिव्ह अर्थ असते या गाड्यांना (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं), फोनचा चार्जर लावलात तर जळेल. सांभाळून.

रेडिंगचा_रामू
ते १९६७ पर्यंतचं. ताईंच्या दोन्ही गाड्या निगेटिव्ह अर्थ. किती जुनी भुतं उकरणार?

बाकी थोडक्यात: पेट्रोल ई५ सुपरच घाला. २०२१ पासून साध्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या बदलायला फार पैसे लागत नाहीत, आग विझवायला लागतात. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी भंगाराचा भाव लावते. पुढच्या किंगपिनला (ज्यावर चाक वळतं तो खुंट) दर ३,००० मैलांनी ग्रीस. चावी फिरवल्यावर मागून टिकटिक आली पाहिजे, तो पेट्रोलचा पंप. नाही आली तर हलकेच चापट मारा. हसू नका, खरंच सांगतोय.

विदर्भ_व्हर्निअर
धागा वाचतोय, एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. नागपूरला आमच्या काकांची अँबॅसिडर होती. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. एमजीबीत बसवलंय ते त्याच घराण्यातलं, १७९८ सीसीचं. एसयू कार्ब्युरेटर एकाऐवजी दोन, एवढाच जास्तीचा ताप. ताई, तुमच्या बाबांनी कधी अँबी खोलली असेल तर ही गाडी त्यांना परकी नाही.

केतकी_बर्मिंगहॅम
वा! आणि १९६८ नंतर एमजी ब्रिटिश लेलँडकडे होती. म्हणजे एसटीची लेलँड आणि ही एमजी, मावसबहिणीच की.

खवट_खारीक
अशोक लेलँडच्या बसला ब्रिटिश लेलँडच्या स्पोर्ट्स कारची मावसबहीण म्हणणं हा इतिहासाचा विपर्यास आहे.

केतकी_बर्मिंगहॅम
बरं, चुलतबहीण. खूश?

कोथरूडची_कैरी
ताई, सहा महिन्यांनी बाबांबरोबर गाडीही पुण्याला पाठवून द्या. आता पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नंबर मिळतो, पाटीवर "व्हीए" येतं, नोंदणीचे २०,००० रुपये. फक्त रोजच्या वापराला नाही. तसंही कर्वे रोडला रोज कोण नेणार!

निवांत_नाना
हेक्टरलाही ओव्हरड्राइव्ह आहे का, कोणाला माहीत आहे का?

पानेवाली
सगळ्यांचे आभार. शनिवारी चुंबक घेऊन गेले. हिरव्या नवरीच्या उजव्या सिलवरून ते तीन ठिकाणी खाली पडलं. मालक म्हणाला, "थंडीत चुंबकं अशीच करतात." मी चहासुद्धा घेतला नाही.

७८ ची ठीक होती. फुगे होते, पण फुग्यांखाली पत्रा होता. चालवूनही पाहिली. गरम इंजिनला तेलाचा दाब ५० पीएसआय दाखवत होती. म्हणजे ती घ्यायला हरकत नव्हती.

पण संध्याकाळी व्हर्निअर यांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. सांगलीला साहेबांची अँबी त्यांच्याकडेच असायची. त्यांनी विचारलं, "गाडी चालू आहे?" मी म्हटलं, हो, व्यवस्थित. तर म्हणाले, "मग मी सहा महिने तिथे काय करू? गुलाबाला पाणी घालू?"

तर मी तिसरीच घेतली आहे. वाँटेजजवळ एका शेतावरच्या गोठ्यात अकरा वर्षं उभी होती. १९७३, क्रोम बंपर, ओव्हरड्राइव्ह, २,१०० पौंड. डाव्या सिलमध्ये माझा अंगठा आत जातो. सीटमागे दोन बॅटऱ्यांची जागा असते तिथे उंदराचं घरटं आहे, त्यात मालकाच्या १९९८ च्या पावत्यांचे तुकडे. पण लांबी कुठेच नाही. जे सडलंय ते उघड सडलंय.

रेडिंगचा_रामू
ताई!! सडक्या सिलची गाडी नको म्हणून एवढं घसा फोडून सांगितलं ना? या गाड्यांत रिस्टोरेशनला लागतो तेवढा पैसा विकताना कधीच परत येत नाही.

एम४_वाटसरू
मग विचारलंत कशाला?

शांत_कोकणी
मियाटा.

खवट_खारीक
व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही म्हणे. काकांना सांभाळा. (ह. घ्या.)

पानेवाली
रामूदादा, विकायची नाहीच आहे. सिलचं वेल्डिंग इथल्या माणसाकडून करून घेईन, ते घरी करणार नाही. तेवढे पैसे बाजूला ठेवलेत. बाकीचं बाबा आणि मी.

त्यांचं फर्मान रात्रीच आलं: स्टार्टरला हात लावायचा नाही. प्लग काढून चारही सिलिंडरांत चमचा चमचा तेल सोडायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं, मग हाताने हळू फिरवून बघायचं. जुना एकही नट फेकायचा नाही, डब्यात घालून डब्यावर नाव लिहायचं. मेट्रिक पाने चालणार नाहीत हे मी सांगायच्या आतच त्यांनी पोटमाळ्यावरून लेलँडच्या वेळचे इंची पाने काढून फोटो पाठवला: साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. लहानपणी मी त्यांना हेच हातात काढून द्यायचे, आयडी तिथूनच आलाय. आई म्हणतेय की २३ किलोंत पाने तरी येतील, नाहीतर तिचा मसाला.

दसऱ्याला बाबा इथेच असतील. तोपर्यंत ग्रिलवर झेंडूचं तोरण लावण्याइतकी तरी ती उभी राहावी. स्कॉटलंड पुढचं पुढे.

केतकी_बर्मिंगहॅम
फोटो!! आणि मसालाच आणायला सांगा, चार सुताचा पाना इथल्या ऑटोजंबलमध्ये (जुन्या सुट्या भागांचा बाजार) पौंडाला मिळतो.

पानेवाली
ते बाबांना सांगून बघितलं. मसालासुद्धा इथे मिळतो म्हणाले.

रेडिंगचा_रामू
बरं, झालं ते झालं. गाडी आणणार कशी? माझ्याकडे ट्रेलर आहे, शनिवारी मोकळा आहे. त्याआधी जाऊन टायरांत हवा भरा आणि हँडब्रेक सोडून चाकं फिरतात का ते बघा. अकरा वर्षांत ब्रेकचे ड्रम चिकटले असणार.

पानेवाली
आज संध्याकाळीच जाऊन आले. तीन फिरतात. मागचं डावं फिरत नाही.