आधारपटल : कर्करोगापुढची आडकाठी की वाट?

प्रश्न (कोथरूड)
माझ्या मावशीच्या बायॉप्सी अहवालात 'डक्टल कार्सिनोमा इन सिटू' असे निदान आले असून, पेशी दुग्धनलिकेबाहेर पडलेल्या नाहीत, नलिकेभोवतीचे आधारपटल (पेशींच्या थराला बाहेरून आधार देणारे पातळ प्रथिनांचे आवरण) शाबूत आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. परंतु या पटलातील लॅमिनिनसारखी प्रथिने कर्करोगाला अडवतातही आणि पसरण्यास हातभारही लावतात, असे वाचनात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

उत्तर १ (पॅथॉलॉजिस्ट, सदाशिव पेठ)
पटल म्हटले की प्लास्टिकचा कागद डोळ्यांसमोर येतो; तो बाजूला ठेवावा. चौथ्या प्रकारचे कोलॅजन आणि लॅमिनिन यांची दोन जाळी निडोजेन व पर्लेकन या जोडणाऱ्या प्रथिनांनी सांधून झालेले हे विणकाम बहुधा ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचे असते आणि त्याची छिद्रे पेशीच्या मानाने फारच बारीक असतात. म्हणून आक्रमक पेशी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ यांसारख्या, प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी (एन्झाइमांनी) कोलॅजनचे धागे तोडतात. ही तोडण्याची क्षमता आणि रोग पसरण्याची क्षमता यांचा संबंध संशोधक लिओटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवला. नेहमीच्या रंजनात (नमुना रंगवण्याच्या पद्धतीत) पटल नीट दिसत नाही, त्यामुळे शंका असल्यास आम्ही पी६३ या प्रथिनाचे खास रंजन करून नलिकेच्या कडेने, पटलाला आतून लागून असलेल्या मायोएपिथेलियल पेशींच्या तपकिरी केंद्रकांची रांग दिसते का, ते पाहतो; रांग शाबूत असेल तर घुसखोरी झालेली नाही असे मानतो.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी, पाषाण)
वर कात्रीची, म्हणजे पटल तोडण्याचीच बाजू आली. विकरे रोखली की रोग थांबेल, या आशेने १९९० च्या दशकात मारिमास्टॅटसारख्या औषधांच्या चाचण्या झाल्या. रुग्णांचे सांधे दुखू लागले, अपेक्षित गुण मात्र आला नाही. पेशीला पुढे सरकायचे तर पाय रोवायलाही जागा लागते. निरोगी त्वचेत लॅमिनिन-३३२ हा लॅमिनिनचा प्रकार पेशीवरील इंटिग्रिनना (पकड घेणाऱ्या प्रथिनांना) धरून तिला जागेवर खिळवते. अनेक कर्करोगांत मात्र घुसखोरी करणाऱ्या कडेच्या पेशी तेच प्रथिन स्वतः बनवतात आणि त्याच्याच आधाराने पुढे जातात. गंमत अशी की, लॅमिनिन १९७९ मध्ये वेगळे केले गेले तेही उंदराच्या गाठीतूनच! त्याच गाठीपासूनचे मॅट्रिजेल, म्हणजे आधारपटलासारखे जेल, आम्ही प्रयोगशाळेत वापरतो. ते बर्फावर पातळ राहते आणि उबेला आले की थिजते, त्यामुळे पुण्याच्या मे महिन्यात पिपेटच्या टिपासुद्धा आधी गार कराव्या लागतात.

प्रश्नकर्ती
मग पटल शाबूत असताना शस्त्रक्रिया कशासाठी?

पॅथॉलॉजिस्ट
अशी प्रत्येकच गाठ पटल ओलांडते असे नाही. पण कोणती ओलांडेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय सुईने घेतलेला तुकडा गाठीचा अंशच दाखवतो. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात 'मायक्रोइन्व्हेजन', म्हणजे १ मिलिमीटरपर्यंतची घुसखोरी, असा शेरा आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.