नॉर्थ कॅरोलिना: ओव्हरडोसचं ट्रेनिंग करावं का आणि घरी नलोक्झोन ठेवावं का?

केरीची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही केरीला राहतो. मुलगा यंदा कॉलेजला चाललाय, डॉर्मवर राहणार. लायब्ररीत एका ट्रेनिंगचं पत्रक दिसलं, ड्रग ओव्हरडोस झालेल्या माणसाला नलोक्झोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, कसं द्यायचं ते शिकवणार आणि स्प्रेही फुकट देणार. मला जावंसं वाटतंय पण घरात एकमत नाही. नवरा म्हणतो आपला मुलगा त्यातला नाही आणि हे घरात आणलं तर त्याला वाटेल आईबाबांचा आपल्यावर विश्वास नाही. सासूबाईंना तर विषयच नकोय. कोणी केलंय का हे? राज्यभर अशा संघटना काम करतात म्हणे, त्या नक्की करतात काय? आणि डॉर्ममध्ये कोणाला काही झालं आणि आपल्या मुलाने ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन केला तर पोलीस त्यालाच धरणार नाहीत ना, ही खरी भीती आहे.

रात्रपाळी_रॅली
ताई नक्की जा, आणि मुलाला पण घेऊन जा. मी इमर्जन्सीत नर्स आहे. आपल्या लोकांच्या डोक्यात ओव्हरडोस म्हणजे कुठेतरी पुलाखाली पडलेला माणूस, तसं आता राहिलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला मित्राकडून घेतलेली ॲडरॉलची गोळी, झोप येत नाही म्हणून घेतलेली झॅनॅक्स, स्नॅपचॅटवरून मागवलेली परकोसेट ही वेदनाशामक गोळी, या गोळ्या पुष्कळदा नकली असतात आणि आत फेंटानिल हे अतिशय तीव्र ड्रग असतं. दिसायला अगदी फार्मसीतल्यासारखी, तोच रंग, तोच छाप. डीईए या अमेरिकेच्या ड्रगविरोधी सरकारी संस्थेने २०२३ मध्ये पकडलेल्या नकली गोळ्या तपासल्या तर १० पैकी ७ गोळ्यांत जीव जाईल एवढं फेंटानिल होतं, म्हणजे २ मिलिग्रॅम, मिठाचे मोजून काही कण. २०२४ मध्ये ते १० पैकी ५ वर आलं, तरी निम्म्या गोळ्या झाल्याच ना. म्हणजे व्यसन असायलाच पाहिजे असं नाही, पहिल्याच गोळीत होऊ शकतं.

एक गोष्ट मुलाला सांगाच. ओव्हरडोस झालेला माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि घोरतो. पण ते नेहमीचं घोरणं नसतं, घशात पाणी अडकल्यासारखी घरघर असते, मधे बराच वेळ श्वासच नाही, मग एकदम एक. रूममेटला वाटतं गाढ झोपलाय, झोपू दे, आणि सकाळी उठवायला जातो तोवर उशीर झालेला असतो. आपल्यासारख्या सावळ्या रंगावर निळेपणा पटकन दिसत नाही, ओठ, हिरड्या आणि नखं राखाडी पडलीत का बघायचं. हाक मारायची, हलवायचं, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासायचं. तरी उठत नाही? लगेच ९११, आणि स्प्रे एका नाकपुडीत पूर्ण आत धरून दाबायचा. आधी हवेत दाबून बघायचा नाही हां, एका स्प्रेत एकच डोस असतो. श्वास नीट नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, दर ५ सेकंदांनी एक. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. शुद्धीवर आला तरी कुशीवर वळवून ठेवा आणि सोडून जाऊ नका, कारण नलोक्झोन ३० ते ९० मिनिटंच टिकतं आणि नंतर माणूस परत बुडू शकतो.

ट्रँगलचा_मन्या
कायद्याचं मी सांगतो, आम्ही विद्यार्थ्यांनी याची माहिती काढली होती. नॉर्थ कॅरोलिनात २०१३ पासून गुड समॅरिटन कायदा आहे. ओव्हरडोससाठी मदत मागवणाऱ्यावर आणि ज्याला ओव्हरडोस झालाय त्याच्यावरही थोडंसं ड्रग जवळ सापडलं म्हणून खटला भरत नाहीत. २१ च्या आतल्या मुलांनी दारू प्यायली असेल आणि मित्राला दारू जास्त झाली म्हणून फोन केला तरी असंच संरक्षण आहे. अट अशी की फोन करणाऱ्याने स्वतःचं खरं नाव सांगायचं. ड्रग विकणाऱ्याला मात्र काही सूट नाही.

F1 (विद्यार्थी) किंवा H4 (H1B वाल्यांचे कुटुंबीय) व्हिसावरच्यांनी एक लक्षात ठेवा, हा राज्याचा कायदा आहे आणि इमिग्रेशन फेडरल, त्यामुळे ज्याच्याकडे स्वतःजवळ काही सापडलं त्याने इमिग्रेशन वकिलाशी बोलायलाच हवं. पण ज्याने काही घेतलेलं नाही आणि फक्त फोन केलाय त्याने व्हिसाच्या भीतीने गप्प बसू नये. समोर माणूस मरतोय हो.

आणि हा कायदा आपोआप नाही आला. नॉर्थ कॅरोलिना हार्म रिडक्शन कोअलिशन नावाची, ड्रगमुळे होणारं नुकसान कमी करायला झटणारी राज्यभरची संघटना आहे, त्यांनी यासाठी विधानसभेत पाठपुरावा केला. पोलीस, शेरीफ, मुलं गमावलेले आईबाप, सगळ्यांना बरोबर घेऊन. २०१३ मध्येच त्यांनी नलोक्झोन वाटायला सुरुवात केली, २०१६ मध्ये राज्याने सिरिंज एक्स्चेंज, म्हणजे वापरलेल्या सुया घेऊन नव्या देणं, कायदेशीर केलं, आणि त्याच वर्षी राज्याच्या एका सरसकट आदेशामुळे डॉक्टरकडे न जाता फार्मसीत नलोक्झोन मिळायला लागलं. व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या खटल्यांत औषध कंपन्यांकडून जे सेटलमेंटचे पैसे आलेत त्यातले ८५ टक्के थेट काउंट्यांना आणि शहरांना जातात, म्हणजे ते कशावर खर्च होतात हे आपल्या काउंटी कमिशनरच्या मीटिंगला जाऊन विचारता येतं. आपल्यातलं कोणी जात नाही हे मात्र मला फार खटकतं.

स्पष्टवक्ता_शार्लट
मला पटत नाही. फुकट सुया, फुकट स्प्रे, म्हणजे घ्या बिनधास्त, आम्ही आहोत वाचवायला, असंच झालं ना? आपल्या टॅक्सच्या पैशांतून?

रात्रपाळी_रॅली
दादा, नलोक्झोनने शुद्धीवर आलेला माणूस एकदा बघा. थरथरतो, उलट्या होतात, अंग मोडून येतं, चिडतो. त्याच्या भरवशावर कोणी मजेत ड्रग घेत नाही. तो जिवंत राहिला तरच उद्या उपचाराला जाईल ना? सुया बदलून द्यायला येणारी माणसंच त्याला डॉक्टरपर्यंत नेतात, बाकी सगळ्यांनी दार बंद केलेलं असतं. या राज्यात २०२१ ते २०२३ दरवर्षी ४००० च्या वर माणसं ओव्हरडोसने गेली. देशभर २०२३ मध्ये साधारण १ लाख ५ हजार, २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास. आकडा खाली येण्याची कारणं अनेक असतील, पण नलोक्झोन घराघरात पोचलं हे त्यातलं एक आहे असं माझं ठाम मत आहे.

कोथरूडकर_समुपदेशक
मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात आहे, इथल्या वाचकांसाठी थोडं. नलोक्झोन फक्त ओपिऑइडवर, म्हणजे अफूच्या जातीच्या ड्रगवर चालतं, जसं हेरॉइन, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल वगैरे. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जे एमडी म्हणजे मेफेड्रोन पसरलंय त्यावर नाही, गांजा-दारूवरही नाही. कशाने झालंय माहीत नसेल तर देऊन टाकावं, त्याने अपाय होत नाही. भारतात ते इंजेक्शनच्या रूपात दवाखान्यात असतं, अमेरिकेसारखं दुकानातून स्प्रे उचलून आणला असं होत नाही.

कुटुंबांना धरून काम करायची पद्धत मात्र आपल्याकडे जुनी आहे, १९८६ पासून मुक्तांगण ते करतंय. घरचे लपवत राहतात म्हणून मुलगा उशिरा उपचाराला येतो, हे आम्हाला रोज दिसतं. भारतात कोणाला गरज असेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

केरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा नवऱ्याला वाचून दाखवला, नर्सताईंचं घोरण्याचं वाचून तो गप्पच झाला, आता दोघं जातोय, मुलालाही नेतोय. एकच विचारते, ट्रेनिंगला जागा नाही मिळाली तर विकत कुठे मिळेल? आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या ऑक्सिकोडोनच्या (ओपिऑइड वेदनाशामक) गोळ्या अजून कपाटात आहेत, त्यांचं काय करू?

रात्रपाळी_रॅली
२०२३ पासून नारकॅन, म्हणजे नलोक्झोनचाच स्प्रे, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, वॉलग्रीन्स, सीव्हीएस, वॉलमार्ट कुठेही, दोन स्प्रेचा डबा २०२३ मध्ये साधारण ४५ डॉलरला होता. पण आधी काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटला विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट देतात. गाडीत ठेवू नका, आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. मुलाला सांगा डॉर्ममध्ये कपाटाच्या तळाशी न ठेवता रूममेटला माहीत असेल अशा जागी ठेव, त्याला स्वतःला काही झालं तर तो थोडाच उठून काढणार आहे.

आणि त्या गोळ्या आजच बाहेर काढा ताई. बऱ्याच फार्मसीत आणि शेरीफच्या ऑफिसात औषधं टाकायची पेटी असते, कोणी नाव-गाव विचारत नाही, बाटलीवरचं लेबल खोडा आणि टाकून या.