मदत हवी आहे: आईचं जीमेल भरलंय, जागा करायची आहे पण बाबांच्या व्हॉइस नोट्स जाता कामा नयेत

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठे अडलंय ते कळणार नाही. आई कराडला एकटी असते, मी पुण्यात. तिचा अँड्रॉइड फोन आहे, बाबांनीच घेऊन दिलेला. गेल्या आठवड्यात तिच्या रक्ताचा रिपोर्ट मेलवर यायचा होता तो आलाच नाही, दोन दिवस वाट बघून तिने लॅबला फोन केला तर ते म्हणाले आम्ही पाठवला होता पण मेल परत आला. मग व्हिडिओ कॉलवर तिचा फोन बघितला तर १५ पैकी १५ जीबी भरलेलं. यावेळी शुगरचाच रिपोर्ट होता, पण उद्या पेन्शनचं किंवा बँकेचं काही असंच परत गेलं तर?

शनिवारी गेले आणि जीमेल भरलंय म्हणजे मेलच जास्त झालेत असं समजून संध्याकाळभर बसून दोनेक हजार मेल उडवले, आकडा जागचा हलला नाही. नंतर गूगलच्या स्टोरेजच्या पानावर बघितलं तर फोटोंचे साडेसात जीबी, व्हॉट्सअॅप बॅकअपचे सहा आणि मेलचे जेमतेम दीड.

आता खरी अडचण. बाबा गेल्या श्रावणात गेले. त्यांना टाइप करायचा कंटाळा, बाजारातून सुद्धा आईला बोलूनच पाठवायचे, "अगं नारळ आहे का घरात, का आणू", असं. त्या सगळ्या नोट्स तिच्या व्हॉट्सअॅपमध्ये आहेत आणि रोज रात्री झोपायच्या आधी ती एखादी ऐकते. त्यामुळे माझा हात कुठल्याच डिलीटवर जात नाहीये. व्हॉट्सअॅपचा बॅकअप कमी केला तर नोट्स जातील का? गूगल फोटोज सारखं "फ्री अप स्पेस" सुचवतंय ते दाबू का? आणि बाबांचं जीमेल त्यांच्या फोनवर अजून चालू आहे, त्यात त्यांच्या पॉलिसीचे मेल आणि आमच्या जुन्या ट्रिपांचे फोटो आहेत, ते वापरलं नाही तर बंद होतं असं ऐकलंय, खरंय का?

पैसे भरून जागा वाढवायला ना नाही, पण आधी नोट्स सुरक्षित करायच्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी कशालाच हात लावू नका, नोट्स बाहेर काढा. आईच्या व्हॉट्सअॅपमध्ये बाबांचं चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, मोअर, एक्स्पोर्ट चॅट आणि तिथे मीडियासकट हा पर्याय घ्या. यात मीडियासकट शेवटचे १०,००० मेसेजच येतात, त्यामुळे चॅट मोठं असेल तर जुन्या नोट्स सुटतील. आणि एक्स्पोर्ट आईच्या ड्राइव्हवर चढवायला जाल तर जागाच नाही तिथे, थोड्या वेळापुरतं तुमचं अकाउंट त्या फोनवर घाला आणि तुमच्या ड्राइव्हवर टाका. मेलने पाठवू नका, जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे.

सुटलेल्यांसाठी फोन केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या स्टोरेजमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सअॅपचं फोल्डर आणि आत शिरत गेलं की "व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स" सापडेल. आत आठवड्याआठवड्याचे फोल्डर असतात, सगळ्यांच्या नोट्स एकत्र असतात पण फाइलच्या नावात तारीख असते. अख्खं फोल्डर कॉपी करून घ्या, निवडत बसू नका. आवाजाच्या फाइली अगदी बारक्या असतात, सहा जीबी त्यांनी भरलेलेच नाहीत, ते ग्रुपवरच्या व्हिडिओंचं काम.

प्रतिसाद २

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. कॉपी झाली आणि लॅपटॉपवर दोन-चार नोट्स वाजवून बघितल्या की मगच पुढचं करा.

"फ्री अप स्पेस"वरून भलेभले गोंधळतात. ते बटण फोनमधली जागा मोकळी करतं, म्हणजे बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढतं, तुमचे १५ जीबी त्याने एका एमबीनेही कमी होत नाहीत. उलट फोटोज अॅपमधून एखादा फोटो नुसता डिलीट केलात तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. त्यामुळे तिथे सांभाळून.

सहा जीबीचं असंय की २०२३ संपेपर्यंत अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप या १५ मध्ये धरतच नव्हते, नंतर धरायला लागले, म्हणून पुष्कळ घरांत अचानक "भरलं" आलं. चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचा पर्याय बंद करा, मग स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेजला जा. तिथे "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" वेगळे दिसतात, सुप्रभातवाले सगळे तिथेच असतात, ते बिनधास्त उडवा. बाबांच्या चॅटमध्ये शिरू नका.

आणि फोटोजच्या सेटिंगमध्ये कुठल्या फोल्डरांचा बॅकअप चालू आहे ते बघाच. माझ्या सासूबाईंच्या फोनवर व्हॉट्सअॅपचे इमेजेस आणि व्हिडिओ हे फोल्डर चालू होते, म्हणजे एकच व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्येही मोजला जात होता आणि फोटोजमध्येही. १ जून २०२१ नंतर चढवलेलं सगळंच मोजतात.

ते दोन हजार मेल तुम्ही ट्रॅशमधून काढलेत का? नसतील तर ३० दिवस तिथेच बसून जागा खातात. लॅपटॉपवर जीमेलच्या सर्चपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर गेलात तर साइज टाकता येते, ५ एमबीच्या वरचे मेल शोधा, तसले पन्नास मेल त्या हजारोंना भारी पडतात.

प्रतिसाद ३

बाबांच्या अकाउंटबद्दल. हो, दोन वर्षं अजिबात न वापरलेलं अकाउंट गूगल डिलीट करू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून ते सुरू झालंय. फोन चालू आहे तोवर गूगल टेकआउटमधून (अकाउंटमधलं सगळं एकत्र उतरवून घ्यायची गूगलची सोय) मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मागवून घ्या. काही तासांनी किंवा एखाद दिवसाने लिंक येते आणि ती आठवडाभरच चालते, तेव्हा आली की लगेच उतरवा, दोन ठिकाणी ठेवा.

सिमचं विसरू नका. रिचार्ज थांबलं की नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे. हे सगळं होईपर्यंत रिचार्ज करत राहा. मी वडिलांच्या वेळी हे केलं नाही आणि त्यांचे बरेचसे मेल गेले, म्हणून मुद्दाम लिहितोय.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. पुन्हा कराडला जाऊन आले. नोट्सचं फोल्डर लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर घेतलं, चॅट पण एक्स्पोर्ट केलं. मॅनेज स्टोरेजमध्ये एकट्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सव्वातीन जीबी निघालं! ट्रॅश भरलेलाच होता, रिकामा केला. आता १५ पैकी ७ च्या आसपास आहे आणि लॅबने रिपोर्ट पुन्हा पाठवला तो पोचला. बाबांच्या अकाउंटचं टेकआउट टाकलंय, लिंकची वाट बघतेय.

आईचे रिपोर्ट मलाही यावेत म्हणून लॅबच्या पत्त्याचं फिल्टर लावून माझ्याकडे फॉरवर्ड केलं. ते रिपोर्ट मी माझ्या ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाकून तिला शेअर केलंय, जो चढवतो त्याच्या जागेत मोजतात म्हणून तिची जागा जात नाही. फोल्डरचं चिन्ह तिच्या फोनच्या पहिल्या पानावर ठेवलंय, डॉक्टरांकडे तिने एकटीने उघडून दाखवलं.

बाबांच्या तिला आवडणाऱ्या नोट्स दोघींनी बसून स्टार केल्या, आता स्टार्ड मेसेजेसमध्ये सगळ्या एका जागी दिसतात, वर स्क्रोल करत जावं लागत नाही.

अजून एकच विचारते. तिच्याकडे पेनड्राइव्हवर चालणारा छोटा स्पीकर आहे, त्यावर या नोट्स लावून द्यायच्या आहेत पण फाइली ऑपस प्रकारच्या आहेत, स्पीकर घेत नाही.

प्रतिसाद १

लॅपटॉपवर व्हीएलसी (गाणी-व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर) असेल तर मीडिया मेनूत कन्व्हर्ट आहे, तिथे सगळ्या एकदम घालून एमपी३ करा. आधी दोनच करून स्पीकरवर वाजतात का बघा. मूळ फाइली तशाच ठेवा, त्यांच्या नावात तारखा आहेत.