मदत हवी आहे : दोनदा आलेल्या अवयवापाशी बहुपदीचे चिन्ह

नमस्कार. फ(क्ष) = (क्ष + ३)(क्ष − १)(क्ष − १)(क्ष − ४) ही बहुपदी क्षच्या कोणत्या किमतींसाठी धन असते, हे अकरावीतील माझ्या भाचीला शिकवताना मी अडलो आहे. संख्यारेषेवर −३, १ आणि ४ हे बिंदू मांडून तिने उजवीकडून धन, ऋण, धन, ऋण अशी चिन्हे आळीपाळीने लिहिली. मात्र क्ष = ० घेतल्यास किंमत −१२ आणि क्ष = २ घेतल्यास −१० येते, म्हणजे १ च्या दोन्ही बाजूंना बहुपदी ऋणच राहते; क्ष = −४ ला ती २०० आणि क्ष = ५ ला १२८ आहे. त्यामुळे क्ष < −३ किंवा क्ष > ४ हे उत्तर मला बरोबर वाटते.

सम वेळा आलेल्या अवयवापाशी चिन्ह बदलत नाही, हा नियम मला ठाऊक आहे, पण तो नुसता पाठ करून घेणे मला पटत नाही. आलेख न काढता, केवळ अवयवांच्या चिन्हांवरून तो तिला कसा उलगडून दाखवावा? शिवाय प्रश्न ‘शून्य किंवा धन’ असा असेल, तर १ हा सुटा बिंदू उत्तरात कसा लिहावा, हेही कृपया सांगावे.