हस्ताक्षरासारखा फॉन्ट कुठे वापरावा? माझ्या मते औषधाच्या पत्रकावर तरी नको

रेघोटी:
इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा फॉन्ट सध्या जिथे तिथे दिसतो. हाताने लिहिल्यासारखी तिरकी अक्षरं, देवनागरी आणि रोमन दोन्ही, शिवाय फुकट. केळवणाचं आमंत्रण, बालवाडीचा फलक, लोणच्याच्या बरणीचं लेबल, इथे तो शोभतो. पण पाणीकपातीच्या सूचना आणि दवाखान्यातली पत्रकंही आता त्यातच येऊ लागली आहेत. हे थांबायला हवं. तिरकं अक्षर दोन ओळी गोड वाटतं, पानभर वाचताना डोळे शिणतात.

ठिपका:
अजिबात पटलं नाही. सूचना कोणी वाचतच नाही, हे खरं दुखणं आहे. ओळखीच्या माणसाने लिहिल्यासारखी दिसली तर निदान नजर तरी थांबते. व्हिन्सेंट कॉनेर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या कॉमिक सान्स या फॉन्टला जगाने नावं ठेवली. तरी २०१२ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या मूलकणाचे निष्कर्ष मांडताना स्लाइडवर तोच होता. शोधाचं वजन कमी झालं का?

रेघोटी:
वजन कमी झालं नाही, पण कित्येकांनी चर्चा फॉन्टचीच केली. आणि कॉमिक सान्स उभा आहे, अक्षरं सुटी आहेत, म्हणून तो वाचता येतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर किती गर्दी असते ते बघा. 'आधी गोळी' आणि 'अर्धी गोळी' बारीक टायपात, तिरक्या वळणात छापून बघा. रफार वेलांटीत शिरतो, आणि वाचणारे आजोबा चष्मा शोधत असतात. इथे मी तडजोड करणार नाही.

छापखानेवाला:
माझी तक्रार निराळी आहे. 'आजी-आजोबांच्या आशीर्वादाने' ही ओळ घ्या. तिन्ही 'आ' हुबेहूब सारखे. हाताने लिहिणाऱ्याचे दोन 'आ' कधी तंतोतंत जुळतात का? ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात एका अक्षराची दोन-तीन रूपं घालता येतात, पण देवनागरीची जोडाक्षरं धरली तर ते काम डोंगराएवढं होतं. अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव त्या नाटकाच्या स्वभावाप्रमाणे रेखाटायचे. मोठं शीर्षक असेल तर अक्षरं काढणाऱ्या माणसाकडे जा.

ठिपका:
आणि पैसे कोण देणार? बचत गटातल्या ताईंना पापडाच्या पाकिटावर आपलेपणा हवा असतो, चित्रकाराचं बिल परवडत नाही. त्यांच्यासाठी हा फॉन्ट मोठी सोय आहे. सारखे 'आ' गिऱ्हाईक मोजत बसत नाही.

शाईपेन:
कुठलाही असा फॉन्ट घेण्याआधी 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'लाल', 'शेंग' टाइप करून बघा. ऱ्य नीट जुळतो का, पाकळीचा ल आणि देठाचा श येतो का, ते लगेच कळतं. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ही वळणं येतात. सूचनेचं शीर्षक कलम बोल्डमध्ये आणि खालचा मजकूर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या साध्या, उभ्या 'मुक्ता'त लावला तर?

रेघोटी:
शीर्षकाला माझी हरकत नाही. गोळीच्या ओळीला आहे.

ठिपका:
गोळीची ओळ दिली तुम्हाला. पाणीकपातीची सूचना मात्र मी कलममध्येच लावणार.