मदत हवी आहे: जुना डिजिटल पियानो विंडोज ११ च्या लॅपटॉपला जोडायचाय, ड्रायव्हर नाही

मंडळी नमस्कार. मामाकडचा यामाहा पी-१२० आता माझ्याकडे आलाय, नाशिकहून टेम्पोत गादीत गुंडाळून आणला. २००० च्या आसपासचं मॉडेल आहे पण ८८ च्या ८८ पट्ट्या एकदम टकाटक, आवाजालाही नाव ठेवायला जागा नाही. मला तो लॅपटॉपला जोडायचाय कारण मी म्यूझस्कोअरमध्ये गाण्यांचं नोटेशन लिहितो आणि माऊसने एकेक स्वर टाकत बसायचा आता जाम कंटाळा आलाय, पियानोवर वाजवलं की थेट कागदावर उमटावं एवढीच अपेक्षा.

अडचण अशी की याला यूएसबी नाहीच. मागे पाच पिनांची दोन मोठी गोल भोकं आहेत, मिडी इन आणि मिडी आऊट (मिडी म्हणजे वाद्यं एकमेकांना किंवा कॉम्प्युटरला जोडायची पद्धत), शेजारी एक छोटं गोल भोक आहे त्यावर टू होस्ट लिहिलंय, आणि तिथेच एक नखाएवढा सरकता स्विच, होस्ट सिलेक्ट नावाचा, त्यावर मॅक, मिडी, पीसी-१, पीसी-२ असं काहीबाही. मामाच्या खोक्यात टू होस्टची केबलपण निघाली, तिचं दुसरं टोक जुन्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टचं. असला पोर्ट आता लॅपटॉपला कुठून असणार! त्या पोर्टसाठीचा ड्रायव्हर जुन्या विंडोजच्या जमान्यातला, ११ साठी काही सापडत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या वस्तूला कंपनीने अजून ड्रायव्हर काढावा असं माझंही म्हणणं नाही.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक यूएसबी-मिडी केबल आणली, दुकानदार म्हणाला ड्रायव्हर-बिव्हर काही लागत नाही, लावा नि वाजवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती नीट दिसते, पिवळं चिन्ह वगैरे नाही, म्यूझस्कोअरलाही दिसते, पण स्वर एकही येत नाही. केबलच्या डबीवर पॉवरचा लाल दिवा लागतो, इनचा दिवा ढिम्म.

कुठला ड्रायव्हर टाकायचा? का यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घेऊन टू होस्टमधूनच जावं? आणि याच केबलने पियानोचा आवाजपण रेकॉर्ड होईल ना?

---

प्रतिसाद १

दादा, ड्रायव्हर शोधणं आधी थांबवा. पाच पिनांचं मिडी हे १९८३ पासूनचं प्रकरण आहे, सेकंदाला ३१,२५० बिट या एकाच वेगाने चालतं आणि पलीकडे कॉम्प्युटर आहे का दुसरा कीबोर्ड हे पियानोला माहीतही नसतं. त्यामुळे पियानोला ड्रायव्हर लागतच नाही. ड्रायव्हर लागतो तो यूएसबीत खुपसलेल्या वस्तूला, म्हणजे तुमच्या केबलला, आणि १९९९ मध्ये यूएसबी-मिडीचं सामायिक स्टँडर्ड आलं, ते पाळणाऱ्या वस्तूंसाठी विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत ड्रायव्हर आतच असतो. तुमची केबल पिवळ्या चिन्हाशिवाय दिसतेय म्हणजे तो भाग झाला.

आता पियानो बंद करा, तो नखाएवढा स्विच मिडीवर आणा आणि मग चालू करा. स्विच दुसरीकडे कुठेही असेल तर सगळा डेटा टू होस्टकडे जातो आणि पाच पिनांची भोकं मेल्यासारखी पडून राहतात.

तरी नाही झालं तर केबलची टोकं अदलाबदल करून बघा. इन लिहिलेलं टोक पियानोच्या आऊटमध्ये जायला हवं, पण काही केबलवाले उलटं लिहितात, म्हणजे 'हे आऊटमध्ये लावा' अशा अर्थाने आऊट. बिनधास्त बदला, काही जळत नाही.

आणि एक खूण सांगतो. यामाहाचे पियानो काही वाजवलं नाही तरी सेकंदात तीन-चार वेळा तरी 'मी आहे' असा संदेश पाठवत असतात, अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग म्हणतात त्याला. त्यामुळे पट्टीला हात न लावता इनचा दिवा लुकलुकायला लागला की जोडणी बरोबर.

---

प्रतिसाद २

टू होस्टमधून होतं बरं का! पीसी-२ ला वेग ३८,४०० असतो, लिनक्सवर यूएसबी-सीरियल लावून टीटीवायमिडी नावाचा छोटा प्रोग्राम चालवला की काम होतं. पण ती हौस झाली, समोर पाच पिनांचं भोक असताना कशाला त्यात पडता. ती जुनी केबल मात्र टाकून देऊ नका, नको असेल तर मला द्या.

आवाजाचं: नाही. मिडीतून आवाज जातच नाही, कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, पेडल दाबलंय का, एवढंच जातं. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की 'पट्टी दाबली, नंबर ६०, जोर अमुक' असे तीन आकडे. नोटेशनला तेवढंच लागतं. खुद्द पियानोचा आवाज हवा असेल तर हेडफोनच्या भोकातून वायर काढून ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी) घाला.

---

प्रतिसाद ३

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझ्या पियानोला यूएसबी आहे पण विंडोज ओळखत नाही, अननोन डिव्हाइस म्हणतं. हाच उपाय चालेल का?

---

प्रतिसाद १

तुमचं वेगळं आहे. आधी पोर्ट बघा, कॉम्प्युटरसाठीचा चौकोनी असतो, पेन ड्राइव्हचा चपटा पोर्ट यासाठी नाही. मग पियानोच्या सेटिंगमध्ये यूएसबी ड्रायव्हर असा पर्याय आहे का ते शोधा, रोलँडच्या काही जुन्या मॉडेलना ओरिजिनल आणि जेनेरिक असे दोन असतात. जेनेरिक करून पियानो बंद-चालू करायचा. असा पर्याय नसेल आणि पियानोला मिडी आऊट असेल तर यूएसबीचा नाद सोडून तुम्हीही पाच पिनांवर या.

---

धागाकर्ता

चाललं!! स्विच पीसी-२ वर होता, मामा एक्सपीच्या काळात त्या सीरियल केबलनेच जोडायचा म्हणे. मिडीवर आणला आणि दिवा लगेच लुकलुकायला लागला, म्यूझस्कोअरमध्ये स्वर उमटतायत, लेक तर स्क्रीनकडे बघूनच वाजवत सुटलीये. खूप खूप आभार.

पण आता दोन नवीन कटकटी. पट्टी दाबल्यावर लॅपटॉपमधला आवाज अंमळ उशिरा येतो, पियानोचा आधी आणि त्याचा मागून, त्यामुळे तालाची पार वाट लागते. आणि पेडल दाबून दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड वाजवले की एखादा स्वर अडकून तंबोऱ्यासारखा वाजतच राहतो.

---

प्रतिसाद १

उशीर केबलमुळे नाही. एक स्वर मिडीतून जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, वेळ खातो तो लॅपटॉपचा आवाज तयार करणारा भाग. तुम्हाला नोटेशनच लिहायचंय ना, मग लॅपटॉप म्यूट करा आणि पियानोचाच आवाज ऐका, विषय संपला. लॅपटॉपमधलाच पियानो ऐकायचा असेल तर एएसआयओफोरऑल नावाचा आवाजाचा ड्रायव्हर टाकून बफर, म्हणजे एका वेळी तयार करायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवा (४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्याचे तीनेक मिलिसेकंद होतात, वर इकडचे तिकडचे थोडे), आणि पियानोवर लोकल कंट्रोल ऑफ करा म्हणजे दोन-दोन आवाज येणार नाहीत. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, बाकी सगळं नीट करूनही तिथे उशीर होणारच.

अडकणारा स्वर म्हणजे पट्टी सोडल्याचा संदेश मध्येच हरवतोय. याबाबत माझा संशय थेट केबलवर आहे. स्वस्तातल्या केबलींमध्ये गर्दी झाली की आकडे गळतात, काहींच्या आत तर मिडीला लागणारा ऑप्टो-आयसोलेटरसुद्धा (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल देणारा भाग) नसतो. खात्री करायची तर कोणाची तरी दुसरी केबल लावून तेच कॉर्ड तसेच वाजवून बघा. तोवर सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक किंवा ऑल नोट्स ऑफ असं बटण असतं, ते दाबलं की स्वर गप्प.

---

धागाकर्ता

लॅपटॉप म्यूट करून काम झकास चाललंय. केबल बदलतोच, पण घेऊ कुठली? परत ड्रायव्हरच्या भानगडीत नाही पडायचं.

---

प्रतिसाद २

रोलँडची यूएम-वन एमके-टू बघा. तिच्या डबीवर कॉम्प आणि टॅब असा स्विच असतो, तो टॅबवर ठेवायचा, मग विंडोजचा आतलाच ड्रायव्हर तिला चालवतो. पुढे आवाजही रेकॉर्ड करायचा विचार असेल तर नुसत्या केबलवर पैसे घालू नका, पाच पिनांचं मिडी असलेला ऑडिओ इंटरफेसच घ्या, सेकंड हँडसुद्धा चालेल, फक्त त्याचा ड्रायव्हर ११ वर चालतो का ते पैसे देण्याआधी विचारा.